ट्रॅफिकमध्ये अडॅप्टिव्ह क्रूझ मधेच सुटतं, झटके देतं, पुढची गाडी निघाली तरी आपली उभीच राहते: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

रांगत चाललेल्या ट्रॅफिकमध्ये अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप कमी-जास्त करणारं आपलं एसीसी, नीट चालत नाही म्हणून गाड्या माझ्याकडे सारख्या येतात, आणि गाडी घेऊन येणारा बहुतेक वेळा रडार, म्हणजे पुढची गाडी ओळखणारा सेन्सर, गेलंय असं मनाशी ठरवूनच आलेला असतो. रडार खरंच गेलेलं फार क्वचित निघतं. बहुतेक वेळा एकतर सिस्टिम तिच्या मर्यादेप्रमाणे बरोबरच वागत असते, नाहीतर सेन्सरसमोर काहीतरी आलेलं असतं, नाहीतर बंपरच्या किंवा काचेच्या कामानंतर सेन्सर किंचित फिरलेला असतो. तिन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, पहिल्या दोनला एक पैसाही लागत नाही, म्हणून महागडा पार्ट मागवायच्या आधी हे सगळं एकदा शांतपणे वाचा.

आधी लक्षणं

- वेग उतरत २५-३० किमीच्या आसपास आला की टिंग वाजतं, एसीसी सुटतं आणि पुढचा ब्रेक तुम्हालाच मारावा लागतो.
- गाडी छान थांबते, पण पुढची निघून गेली तरी आपली जागची हलत नाही, मागचे हॉर्न मारायला लागतात.
- थांबून जरा जास्त वेळ झाला की मेसेज येऊन एसीसी सुटतं, मग एकतर पार्किंग ब्रेक आपोआप लागतो नाहीतर गाडी हळूच पुढे सरकते.
- पुढे थोडी जागा झाली की एकदम पिकअप घेते आणि लगेच कचकन ब्रेक, मागच्या सीटवरच्यांना मळमळतं.
- बाजूने कोणी घुसलं की उशिरा कळतं, किंवा उलट, शेजारच्या लेनमधल्या गाडीसाठी उगाच ब्रेक लागतो.
- सेन्सर ब्लॉक झालाय किंवा कॅमेरा तात्पुरता बंद आहे असा मेसेज, विशेषतः पावसात, धुक्यात किंवा ऊन अगदी समोरून येत असताना.
- बटण दाबून काहीच होत नाही, एसीसी चालूच होत नाही.

लक्षण ओळखलं की स्वतःला तीन गोष्टी विचारा: मेसेज येतो का आणि त्यात नेमकं काय लिहिलेलं असतं, हे कायम होतं का ठरावीक वेळीच, आणि सुरू व्हायच्या आधी गाडीचं काही काम झालं होतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, म्हणजे काच बदलली, बंपर काढला, पुढून हलकासा ठोकला, चाकांची अलाइनमेंट केली, तर मधलं सगळं वाचाच पण उत्तर बहुधा शेवटाकडे कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सेन्सर परत बरोबर रेषेला जुळवण्यात, सापडेल. मेसेजचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, फक्त गाडी उभी असताना किंवा शेजारी बसलेल्याला सांगून.

पहिलं: तुमच्या गाडीत कुठलं एसीसी आहे

हे फुकटचं आहे आणि इथेच बऱ्याच तक्रारी संपतात. एसीसी दोन प्रकारचं असतं. एक साधं, जे ठरावीक वेगाच्या खाली काम सोडून देतं, आणि दुसरं स्टॉप अँड गो वालं, जे गाडी पूर्ण थांबवतं आणि परत निघतं. मर्सिडीजने १९९९ मध्ये एस क्लासमध्ये रडारवालं डिस्ट्रॉनिक आणलं तेव्हा तेसुद्धा कमी वेगात चालत नव्हतं, गाडी पूर्ण थांबवणारी आवृत्ती नंतरच्या पिढीत आली. आजही एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये हा फरक असू शकतो, आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीत तर स्टॉप अँड गो साधारणपणे नसतंच, कारण क्लच तुमच्या पायाखाली आहे, गाडी थांबवताना तो दाबणार कोण.

तेव्हा गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक, म्हणजे मॅन्युअल, उघडा, एसीसीचं प्रकरण काढा आणि त्यात किमान वेग किती लिहिलाय ते बघा. तिथे ३० लिहिलं असेल आणि तुमचं ३० ला सुटत असेल तर गाडी ठणठणीत आहे, ट्रॅफिकमध्ये एसीसी बंद ठेवून चालवा. हे ऐकून लोक नाराज होतात ते मला समजतं, पण रडार बदलून हे बदलत नाही.

दुसरं: थांबल्यावर किती वेळ धरून ठेवतं

स्टॉप अँड गो असलेल्या गाडीतसुद्धा आपोआप निघणं थोड्याच वेळापुरतं असतं. बऱ्याच गाड्यांमध्ये थांबून साधारण ३ सेकंदांच्या आत पुढची निघाली तरच आपली आपोआप निघते, त्याहून जास्त झालं की रिझ्यूम बटण दाबावं लागतं किंवा अॅक्सिलरेटरला हलकासा टच द्यावा लागतो. काही गाड्या जास्त वेळ देतात, काही आपोआप निघतच नाहीत. हे मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण गाडी उभी असताना बंपरसमोरून एखादं मूल किंवा पाळीव जनावर गेलेलं रडारला दिसेलच असं नाही, म्हणून निघायच्या आधी माणसाने समोर बघून हो म्हणावं अशी अपेक्षा असते. म्हणजे उभीच राहते ही तक्रार नव्वद टक्के इथेच मिटते असं म्हटलं तरी चालेल, डिस्प्लेवर त्या वेळी छोटासा मेसेज असतोच, फक्त कोणी वाचत नाही.

थांबलेलं असताना सीटबेल्ट काढला, दार उघडलं, गिअर डी मधून हलवला किंवा ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच घसरू न देणारी यंत्रणा) बंद केलं तरी एसीसी सुटतं. आणि आता हे नीट लक्षात घ्या: एसीसी सुटल्यावर प्रत्येक गाडी पार्किंग ब्रेक लावतेच असं नाही. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये असेल आणि ब्रेक सुटला तर ती स्वतःहून पुढे रांगते. ब्रेक होल्डचं म्हणजे ऑटो होल्डचं बटण हे एसीसीपेक्षा वेगळं आहे, एक चालू आहे म्हणून दुसरं चालू असेल असं धरू नका. गाडी उभी असली की पाय ब्रेकजवळ ठेवायचा. मात्र पेडलवर नुसता टेकवून पण ठेवू नका, तेवढ्यानेसुद्धा एसीसी कॅन्सल होतं आणि मग लोक फॉल्ट शोधत बसतात.

तिसरं: अंतर आणि ड्राइव्ह मोड

झटके देतं या तक्रारीसाठी. अंतराचं जे बटण असतं, ज्याच्या डिस्प्लेवर दोन-तीन-चार पट्ट्या दिसतात, ते मीटरमध्ये अंतर ठरवत नाही, सेकंदांमध्ये ठरवतं. समजा १.५ सेकंद. १०० च्या वेगाला ते ४२ मीटरच्या आसपास होतं, पण २० च्या वेगाला जेमतेम ८ मीटर, अधिक थांबताना सोडायची थोडी जागा. आठ मीटरमध्ये पुढच्याने जरा ब्रेक लावला की तुमच्या गाडीला लगेच आणि जोरात लावावाच लागतो. म्हणून ट्रॅफिकमध्ये अंतर एक पट्टी वाढवून बघा. मध्ये जास्त लोक घुसतील हे खरंय, तरी झटके कमी होतात. मग ड्राइव्ह मोड बघा, बऱ्याच गाड्यांमध्ये स्पोर्ट ठेवला की एसीसीसुद्धा जास्त जोरात निघतं, इको किंवा नॉर्मलला ठेवलं की तेच एसीसी शहाण्यासारखं वागतं. इंजिनचा आयडल स्टॉप चालू असेल तर प्रत्येक थांब्याला इंजिन बंद होऊन परत सुरू होतं, त्यात निघायला जो क्षणभर उशीर होतो तो एसीसीचा नाही, बटणाने आयडल स्टॉप बंद करून फरक बघून घ्या.

एवढं करूनही थोडे झटके राहतातच आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. माणूस गाडी चालवताना दोन-तीन गाड्या पुढचे ब्रेक लाइट बघतो, सिग्नल बघतो, पुढे रस्ता अरुंद होतोय हे बघतो आणि आधीच पाय उचलतो. बहुतेक एसीसी फक्त लगेच पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग बघतं, तेही मोजून झाल्यावर प्रतिक्रिया देतं, म्हणजे ते कायम किंचित उशिराच असतं. हा उशीर रांगेत मागे मागे वाढत जातो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या, रस्त्यात कसलाही अडथळा नाही, तरी थोड्या वेळात थांबा-निघाची लाट तयार झाली आणि ती रांगेत मागे सरकत राहिली. तिथे तर सगळीकडे माणसंच चालवत होती. एसीसी असलेली गाडी अशा लाटेत सापडली की ती लाट पुढच्याकडून घेते आणि मागच्याला देते, कधीकधी थोडी वाढवून. अगदी दाट ट्रॅफिकमध्ये पाच-पाच मीटरला थांबायचं असेल तर मी तरी स्वतःच चालवतो, एसीसी त्यासाठी नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मध्येच एक गोष्ट, जी फॉल्ट नाही पण जीवावर बेतू शकते

उभी गाडी दिसली नाही, एसीसीने ब्रेकच लावला नाही, अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, ती गाडी तुम्ही चालताना बघितली होती का आधीपासून उभी होती. रडार डॉप्लरवर चालतं, परत येणाऱ्या लहरीवरून समोरची वस्तू किती वेगाने जवळ येतेय ते मोजतं. तुम्ही ८० ने चाललेले असताना उभी गाडी, पुलाचा खांब, साइनबोर्ड, रस्त्यातलं लोखंडी झाकण, सगळंच ८० ने जवळ येताना दिसतं, आणि प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालवणंच अशक्य होईल, म्हणून कित्येक सिस्टिम मुळात उभ्या असलेल्या वस्तूंना मुद्दाम बाजूला काढतात. जी गाडी चालताना दिसली आणि मग थांबली तिला मात्र धरून ठेवतात. त्यामुळे रांगेत पुढच्या गाडीच्या मागोमाग जाताना एसीसी छान थांबवतं, पण मोकळ्या रस्त्यावरून येऊन जॅमच्या शेपटाला पोहोचताना, किंवा पुढच्याने ऐनवेळी लेन बदलली आणि त्याच्यापुढे उभी गाडी उघडी पडली तर, ते उशिरा जागं होतं किंवा होतच नाही. ८० च्या वेगाला एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते. कॅमेरा आणि रडार दोन्ही असलेल्या नव्या गाड्यांमध्ये हे बरंच सुधारलंय तरी मॅन्युअलमध्ये इशारा असतोच. जॅम दिसला की ब्रेक तुम्ही मारायचा. आणि माझी गाडी थांबवते का बघू म्हणून उभ्या गाडीच्या दिशेने टेस्ट अजिबात करायची नाही.

तसंच मोटरसायकल. ती अरुंद असते, लेनच्या कडेने चालते, रडारच्या हिशोबात कधी असते कधी नसते. उंच ट्रकच्या मागेही काही गाड्या फार जवळ थांबतात, कारण रडारला ट्रकच्या खालचा एक्सल दिसतो आणि मागे बाहेर आलेलं लोडिंग दिसत नाही. वळणावर पुढची गाडी सेन्सरच्या कोनाबाहेर गेली की रस्ता मोकळा समजून गाडी वेग घेते. जवळून आडवं घुसणाऱ्याचंही तेच, तो पुरेसा लेनमध्ये येईपर्यंत मोजला जात नाही. हे सगळं कधीतरी होत असेल तर मर्यादा, पण सरळ रस्त्यावर रोज होत असेल तर पुढे वाचा.

चौथं: पुसा आणि समोरचं काढा

कॅमेरा आतल्या आरशाजवळ काचेच्या मागे असतो. रडार पुढच्या लोगोच्या मागे, ग्रिलमध्ये किंवा खालच्या बंपरमध्ये असतं. काही गाड्या फक्त कॅमेऱ्यावर चालतात, सुबारूचं आयसाइट दोन कॅमेऱ्यांवर चालतं, त्यामुळे आपल्या गाडीत काय कुठे आहे ते आधी मॅन्युअलमधून बघून घ्या.

मऊ ओल्या कपड्याने दोन्ही जागा पुसा. घासायची पावडर, पॉलिश वगैरे नको, प्रेशर वॉशरचा फवारा सेन्सरवर जवळून नको. काचेचा तो भाग आतूनही बघा, आत धुरकट थर बसलेला असतो किंवा दव धरतं, त्याला डिफॉगर लावून फरक पडतो का बघा. वायपर त्या भागावरून नीट फिरतोय ना तेही, कारण झिजलेल्या वायपरची एक रेघ कॅमेऱ्याच्या बरोबर समोर आली की पावसात दर वेळी मेसेज येणार.

मग समोर काय लावलंय ते बघा, आणि इथे मला सगळ्यात जास्त गोष्टी सापडतात. बाहेरून आणलेला क्रोमचा लोगो, नंबर प्लेटची मोठी फ्रेम, लोखंडी गार्ड, जादा लाइट, लोगोवर चिकटवलेली फिल्म, आरशाजवळ लटकवलेली वस्तू, डॅशबोर्डवरचा चकचकीत कपडा ज्याची सावली काचेत दिसते. रडार असलेल्या गाडीचा लोगो दिसायला साधा असला तरी लहरी आरपार जातील अशा खास प्लॅस्टिकचा असतो, त्याच्या जागी धातूचा मुलामा असलेला लावला की रडारसमोर भिंतच उभी राहते. बंपर परत रंगवला असेल आणि रडार बंपरच्या मागे असेल तर धातूचे कण असलेल्या रंगाचा जाड थरसुद्धा त्रास देतो. जादा लावलेलं सगळं काढा, दोन-चार दिवस चालवा, मगच पुढे जा.

पाचवं: टायर, वजन, ब्रेक लाइट, बॅटरी

डिकीत जड सामान असेल तर गाडीचं नाक वर होतं आणि सेन्सर आकाशाकडे बघायला लागतो, सामान उतरवून बघा. चारही टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे करा, चारही एकाच मापाचे आहेत ना बघा, कारण गाडीचा वेग चाकांच्या सेन्सरवरून कळतो आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किंवा स्टॅबिलिटी कंट्रोलला (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) शंका आली की एसीसी आपणहून बाजूला होतं.

एसीसी चालूच होत नसेल तर कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा आणि सोडा. ब्रेक लाइट लागत नसतील किंवा पाय काढल्यावरही चालू राहत असतील तर पेडलजवळचा ब्रेक लाइट स्विच संशयित. गाडीला वाटतं की तुम्ही ब्रेक दाबलेलाच आहे, मग ती एसीसी कशी घेईल. हा छोटा आणि तुलनेने स्वस्त पार्ट आहे आणि मोठमोठी दुखणी याच्यामुळे दिसतात.

१२ व्होल्टची बॅटरी म्हातारी झाली असेल तर विचित्र मेसेज एकदम तीन-चार येतात आणि गाडी बंद करून चालू केली की जातात. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी मीटर लावला तर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा किंवा दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

सहावं: स्कॅन आणि कॅलिब्रेशन

साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतो, रडार आणि कॅमेऱ्याचे कोड बघायला त्या मॉड्यूलपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. तो जवळ असेल तर कोड वाचा, लिहून ठेवा आणि लगेच पुसू नका, पुढच्या माणसाला तोच पुरावा लागतो. कोड पुसला म्हणजे फॉल्ट गेला असं होत नाही.

सेन्सर किंचित फिरणं किती महाग पडतं ते बघा. रडार फक्त १ अंशाने बाजूला वळलं तर १०० मीटरवर ते पावणेदोन मीटर बाजूला बघतं. लेन साधारण साडेतीन मीटरची असते, म्हणजे अर्धी लेन चुकली, आणि मग शेजारच्या गाडीला ब्रेक आणि समोरच्याकडे दुर्लक्ष, अगदी वर लिहिलेली लक्षणं. जवळच्या अंतरावर ही चूक कमी दिसते म्हणून ट्रॅफिकमध्ये बरं चालतं आणि वेगात बिघडतं, असं असेल तर अलाइनमेंटचा संशय आणखी वाढवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रडारच्या ब्रॅकेटला असलेला अॅडजस्टमेंटचा स्क्रू स्वतः फिरवू नका. नजरेने तो बरोबर लागत नाही. काच बदलली असेल, बंपर उतरवला असेल, पुढून धक्का बसला असेल, एअरबॅग उघडली असेल, तर कॅलिब्रेशन जाणकाराकडूनच. त्यासाठी सपाट फरशी, मोजून ठेवलेले टार्गेट बोर्ड किंवा ठरावीक वेगाने नीट पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवणं लागतं, आणि ते करायच्या आधी चाकांचं अलाइनमेंट बरोबर असावं लागतं, कारण गाडी सरळ कुठे जातेय हे मागच्या चाकांवरून ठरतं आणि सेन्सर त्याच रेषेला जुळवायचा असतो. आधी कॅलिब्रेशन आणि मग अलाइनमेंट केलं तर पैसे दोनदा जातात.

ब्रेकचा लाल दिवा, एबीएसचा दिवा, पेडल मऊ लागणं किंवा खाली जाणं, यातलं काहीही असेल तर एसीसीचा विषयच सोडा, गाडी चालवू नका, टो करून न्या. समोर काहीही नसताना जोरात ब्रेक लागत असेल तर दुरुस्त होईपर्यंत एसीसी पूर्ण बंद ठेवा, मागून कोणी धडकायची वाट बघू नका.

वर्कशॉपला गेलात की एसीसी चालत नाही एवढंच सांगू नका. कुठल्या वेगाला, सरळ रस्त्यावर का वळणावर, ऊन-पाऊस काय होतं, मेसेज कोणता, शेवटचं काम कधी आणि काय झालं, हे कागदावर लिहून द्या आणि फोटो दाखवा. सॉफ्टवेअर अपडेट आहे का ते विचारा, कमी वेगातलं वागणं काही वेळा त्यानेच सुधारतं. काम झाल्यावर कॅलिब्रेशनच्या आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट मागून घ्या. रिपोर्ट मिळत नसेल तर गाडी ताब्यात घ्यायच्या आधी कॅलिब्रेशन नेमकं कसं केलं ते विचारा, आणि पहिली चाचणी कमी गर्दीच्या सरळ रस्त्यावर, मोठं अंतर ठेवून, पाय ब्रेकजवळ ठेवून घ्या.